काचेवर काही हललं नाही

परभणीच्या डॉक्टरबाईंनी माझी फाइल हातात घेतली, उघडली नाही, नुसती वजन बघितल्यासारखी उचलून परत टेबलावर ठेवली. त्यात माझे सगळे कागद तारखेप्रमाणे लावलेले होते. सोनोग्राफी वेगळी, रक्ताच्या तपासण्या वेगळ्या, ऑपरेशनचे कागद वेगळे, प्रत्येकाला रंगीत चिठ्ठी. मला ती सवय आहे. सोनपेठ तालुक्यातल्या आमच्या शाळेत पोषण आहाराच्या तांदळापासून दाखल्यांपर्यंत सगळं माझ्याच कपाटात असतं, कारण माझ्याकडे असलं की सापडतं. बाईंनी विचारलं, यात यांचा कागद कुठला? आणि त्यांनी माझ्या शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याकडे बघितलं.

त्याचा एकही कागद नव्हता. लग्नाला पंधरा वर्षं होत आली होती, माझ्या वयाची चाळिशी पुढच्या श्रावणात लागणार होती, आणि त्या जाड फाइलमध्ये पुरुषाचा म्हणून एक कागद नव्हता. बाईंनी शांतपणे सांगितलं की यांच्या वीर्याची तपासणी झाल्याशिवाय त्या मला एक गोळीसुद्धा लिहून देणार नाहीत. मूल हवं असेल तर हातात एखाद-दोन वर्षं आहेत, तीही नक्की नाहीत. त्यांनी चिठ्ठी लिहिली ती माझ्याकडे न देता त्याच्याकडे दिली. मला ते आवडलं. तोपर्यंत सगळ्या डॉक्टरांनी सगळ्या चिठ्ठ्या माझ्याच हातात दिल्या होत्या.

नवऱ्याचा धंदा सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. तो मोटारसायकलवर नायट्रोजनचा कॅन बांधून गावोगाव हिंडतो आणि गायी-म्हशी भरवतो. गाय माजावर आली की शेतकरी फोन करतो, हा जातो, कॅनमधून गोठवलेल्या रेताची बारीक कांडी काढतो, कोमट पाण्यात धरतो आणि गायीला भरतो. हाताला यश आहे म्हणतात. आमच्या भागात अर्ध्या गोठ्यांत त्याच्या हातच्या कालवडी आहेत. त्यामुळे घरात पाळणा हलला नाही तेव्हा दोष कुणाचा, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. लोक हसायचे, पण हसण्यातही त्याची बाजू असायची. "गावभर वासरं पाडतो हा गडी, ह्याच्यात काय खोट आसंल?" असं त्याच्यासमोर बोललं जायचं आणि तोही हसायचा. पारावर, लग्नाच्या मांडवात, चहाच्या हॉटेलात. मीही कधीमधी हसले आहे.

सासूबाईंनी दोनदा दुसऱ्या लग्नाची गोष्ट काढली होती. पाथरीकडची त्यांच्या नात्यातली मुलगी, पहिल्यांदा एक आणि काही वर्षांनी तिची धाकटी बहीण. नोकरीवाली सून आहे, तिला नांदू द्या, पण वंशाचं बघायला हवं, असा त्यांचा हिशेब. दोन्ही वेळा नवरा ताडकन उठला आणि म्हणाला, पुन्हा हा विषय काढला तर घर सोडीन. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. दोन्ही वेळा मी ती भाकरी करपू दिली नाही. बाकी संसारात फार काही नव्हतं आणि त्याची मला तक्रारही नव्हती. नवरा दुसरी करत नाही, एवढं मला पुरत होतं. मैत्रिणींना मी ते सांगायचे. अगदी मोठेपणा मिरवत सांगायचे.

चिठ्ठी घेऊन आम्ही रिक्षाने लॅबमध्ये गेलो. स्टेशनच्या रस्त्याला एका इमारतीच्या जिन्याखाली लॅब होती. पुढे रक्त द्यायला आलेल्यांची बाकं, मागे एक संडास. नमुना तिथेच द्यायचा होता. लॅबवाल्याने झाकणाची प्लास्टिकची डबी हातात दिली, किती दिवस झाले ते विचारलं (दोन-चार दिवसांचं अंतर हवं असं बाईंनी सांगितलं होतं, आमच्यात तेवढं होतंच), आणि संडासाकडे मान केली. लघवीचा नमुना द्यायला आलेल्या बायका तिथेच उभ्या होत्या. दाराची कडी पुरती बसत नव्हती. आतून हाताने धरावी लागायची, हे मला आधी माझ्या तपासणीच्या वेळी कळलं होतं.

नवरा आत गेला. मी बाकावर बसले. माझ्या शेजारी एक म्हातारी नातीला घेऊन बसली होती, तिने थोड्या वेळाने जाऊन दार वाजवलं. "आवं, कोन हाय आत? पोरीला कळ लागलीया." आतून उत्तर आलं नाही. ती परत येऊन मला म्हणाली, आतमधी कुणाला भोवळ तर आली न्हाई ना? मी म्हटलं, नाही. पुन्हा एकदा कुणीतरी वाजवलं. मग तो बाहेर आला, डबी मुठीत झाकलेली, आणि मान खाली घालून थेट लॅबवाल्याकडे गेला. डबी रिकामी होती.

लॅबवाल्याला त्याचं काही वाटलं नाही. होतं बऱ्याच जणांचं, असं म्हणून त्याने दुसरी वाट सांगितली. नमुना घरून आणला तरी चालतो, मात्र अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पोहोचला पाहिजे. अंगाशी धरून आणायचा, थंड होऊ द्यायचा नाही. साबण नाही, तेल नाही. हे सगळं तो रोज सांगत असणार, कारण सांगताना तो दुसऱ्या कुणाच्या पावतीवर शिक्का मारत होता.

"आणि निरोधात धरून आणू नका," तो म्हणाला. "त्याला जे लावलेलं असतं त्यानं सगळं मरून जातं."

नवरा निघायला वळला होता, तो थांबला.

"सगळं मरतं?"

"सगळं. काचेवर घेतलं तर एक हलत नाही."

"वळूचं तर रबरातच धरतेत," नवरा म्हणाला.

लॅबवाला पहिल्यांदा मान वर करून हसला. "ते रबर येगळं आसतंय, मालक. धुतल्यालं, तपासल्यालं. हे मारायसाठीच बनवलेलं."

नवरा तिथेच उभा राहिला. मागच्या माणसाने त्याला बाजूला सरका म्हटलं, तेव्हा मी त्याच्या दंडाला धरून त्याला पायरीवर आणलं. मला वाटलं, आतल्या फजितीने तो खचला आहे. मी पुढचं ठरवायला लागले. सोनपेठ तासाभराच्या आत नाही. परभणीत नातेवाईक आहेत, पण त्यांच्या घरी जाऊन सांगणार काय? एसटी स्टँडजवळ लॉज होते. तिथून लॅब रिक्षाने जवळ. मी त्याला विचारलं नाही, रिक्षावाल्याला हात केला.

लॉजच्या काउंटरवर विशीतला पोरगा होता. त्याने दोघांचं आधार मागितलं आणि किती वेळासाठी, असं विचारलं. मी म्हटलं, दोन तास. त्याने माझ्याकडे बघितलं. माझी सुती साडी, चष्मा, खांद्याला शाळेची पिशवी.

नवरा म्हणाला, "नवरा-बायकोच हाय आमी."

"सगळेच आसतेत, काका," पोरगा म्हणाला आणि किल्ली सरकवली.

दुसऱ्या वेळी असतं तर मी त्याला तिथेच उभं करून झापलं असतं. माझ्या शाळेत असती अशी पोरं तर माझ्या नजरेने गप झाली असती. पण मला वेळ नव्हता आणि पालकांपैकी कुणी आम्हाला तिथे बघू नये एवढंच डोक्यात होतं. आम्ही जिना चढलो.

खोलीत एक पलंग, एक खुर्ची, खिडकीला लोखंडी जाळी आणि खाली स्टँडवरच्या गाड्यांचा पुकारा. मी डबी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, मी बाहेर थांबते, हाक मारा. तो पलंगाच्या कडेला बसला होता. म्हणाला, थांब. खाली गंगाखेड गाडी लागल्याचं कुणीतरी ओरडून सांगत होतं.

"मी बघितलं व्हतं," तो म्हणाला.

"काय?"

"माझंच. ढोराच्या दवाखान्यात. काचेवर."

मला आधी कळलंच नाही. मग त्याने सांगितलं, मध्ये मध्ये थांबत, जमिनीकडे बघत. लग्नाला तिसरं वर्ष लागलं होतं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सूक्ष्मदर्शक आहे. एखाद्याची गाय पुन्हा पुन्हा उलटली, म्हणजे गाभ न राहता परत माजावर आली, की हा कांडीतलं रेत तिथे काचेवर घेऊन बघायचा, जिवंत आहे की नाही. डॉक्टरांनीच त्याला ते शिकवलं होतं आणि किल्ली कुठे ठेवतात तेही त्याला माहीत होतं. एका सकाळी, कुणी यायच्या आधी, त्याने स्वतःचं बघितलं. आरोग्य उपकेंद्रातून आणलेल्या निरोधात धरलं, गाठ मारली, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं, मोटारसायकलवर गेला. काच तळहातावर ऊबदार करून घेतली. वळूच्या रेतासाठी घेतो तशी सगळी काळजी घेतली.

"एक हललं न्हाई," तो म्हणाला. "दुसरी काच केली. तिसरी केली. मेलेल्या कांड्या मी लय बघितल्यात. मला कळतंय मेलेलं कसं दिसतं ते."

मी खुर्चीवर बसले. माझं डोकं अशा वेळी आपोआप कामाला लागतं, त्यात माझं काही चालत नाही. मी माझ्या फाइलमधले कागद मनातल्या मनात दोन ढिगांत लावले, त्या सकाळच्या आधीचे आणि नंतरचे. आधीच्या ढिगात एक सोनोग्राफी होती. बाकी सगळं नंतरच्या ढिगात. नळ्यांमध्ये औषध सोडून केलेली तपासणी, जिच्यात मी टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की नर्सने माझी बोटं एकेक करून सोडवली. पोटाला भोकं पाडून केलेली दुर्बीण. पिशवी साफ करणं. सुया, ज्यांनी माझं तोंड सुजायचं आणि शाळेत मुली विचारायच्या, बाई, तुमाला बरं न्हाई का? नळ्यांच्या तपासणीला तो बरोबर आला होता. बाहेर बसून त्याने माझ्यासाठी शहाळं आणून ठेवलं होतं.

"मग मला कशाला नेलंत तिथं?" मी विचारलं.

"तू जायली व्हतीस. मी काय सांगणार व्हतो?"

"सांगायचं होतं."

मग तो जे म्हणाला ते मी आजही शब्दाला शब्द सांगू शकते. "मला वाटायचं, तुझ्यातबी काई निघावं. निघालं आसतं तर निम्मं निम्मं झालं आसतं."

हे बोलताना त्याच्या आवाजात खोटेपणा नव्हता. तोच त्यातला वाईट भाग होता. त्याला रडू येत होतं आणि मला ते बघायचं नव्हतं. मी दुसऱ्या लग्नाबद्दल विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती, मला उत्तर कळलं होतं, पण मी विचारलं.

"तिला कशाला आणू?" तो म्हणाला. "तिचंबी हेच झालं आसतं. मग गावाला कळलं आसतं."

मी घड्याळ बघितलं. लॅब दुपारी बंद व्हायची, ती थेट संध्याकाळी उघडायची. मी उठले, डबी त्याच्या शेजारी पलंगावर ठेवली आणि म्हटलं, बाकीचं नंतर. लॅबवाला काय म्हणाला ते ऐकलंत ना? तेव्हाचं बघितलेलं काही खरं नाही. आधी हे द्या. माझा आवाज शाळेतल्यासारखा निघाला. मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि गच्चीकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर बसले. खाली काउंटरवरचा पोरगा मोबाइलवर कुणाशी तरी हसत बोलत होता. मला वाटत होतं की आता आतून रिकामी डबीच येईल आणि त्याला मी काहीही बोलू शकणार नाही. पण त्याने हाक मारली.

डबी मी घेतली. रुमालात गुंडाळून ब्लाउजच्या आत ठेवली आणि वरून पदर आवळून घेतला. त्याच्याकडे द्यायचा विश्वास मला त्या क्षणी नव्हता. रिक्षात तो एका कडेला आणि मी दुसऱ्या कडेला बसलो. रस्ता खोदलेला होता, प्रत्येक खड्ड्याला मी छातीवर हात दाबत होते. लॅबवाल्याने डबी घेतली, वेळ लिहून घेतली आणि संध्याकाळी या म्हणाला.

संध्याकाळी कागद मिळाला. संख्या कमी होती. हलणारे त्याहून कमी. पण होते. नवऱ्याने कागद माझ्या हातातून घेतला आणि लॅबच्या पायरीवर उभं राहून वाचला. त्याला त्या आकड्यांचा अर्थ माझ्याहून चांगला कळत होता. त्याने बोट हलणाऱ्यांच्या ओळीवर ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. मग कागद घडी न घालता मला परत दिला.

एका तपासणीवर भागत नाही म्हणून डॉक्टरबाईंनी काही आठवड्यांनी पुन्हा करायला सांगितली. तेव्हाही आम्ही त्याच लॉजमध्ये गेलो. तेव्हा पोराने काही विचारलं नाही. आकडे साधारण तसेच आले. बाई म्हणाल्या, हे उत्तम नाही, पण अशांना मुलं होतात. चांगले वेगळे काढायचे आणि योग्य दिवशी पिशवीत सोडायचे. तुम्ही तिशीत असता तर मी फारसं टेन्शन घेतलं नसतं. मग त्यांनी माझं रक्त काढायला सांगितलं, अंडाशयात बीजं किती उरली आहेत ते बघायला. तो कागद आला तेव्हा बाईंनी तो दोनदा वाचला. उरलेली बीजं माझ्या वयाच्या मानानेही कमी होती. ही कधीपासून कमी झाली असतील, असं मी विचारलं. दर वर्षी थोडी थोडी, त्या म्हणाल्या.

त्या वर्षी आम्ही तीन वेळा प्रयत्न केला. मी रजा आधी ठरवून टाकायचे, एसटीच्या वेळा बघून ठेवायचे, जेवणाचा डबा न्यायचे. तिन्ही वेळा बाईंनी त्याला आत यायला सांगितलं. तो आला नाही. जे आत होत होतं ते त्याने हजारो वेळा स्वतःच्या हाताने केलं होतं, रोज सकाळी करत होता. दाराबाहेर तो भिंतीला टेकून उभा असायचा आणि मी बाहेर आले की माझी पिशवी घ्यायचा. आमचं बोलणं एवढंच, बस कधीची आहे, पाणी हवं का. तिसऱ्या वेळी पाळी चार दिवस लांबली. त्या चार दिवसांत मी काहीच काम केलं नाही, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. वर्गात मुलांना चित्रं काढायला लावून खिडकीशी बसायचे. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत मला कळलं. मी शाळेच्या संडासात होते, बाहेर मुली सागरगोटे खेळत होत्या.

डॉक्टरबाईंनी शेवटचा मार्ग सांगितला. दुसऱ्या बाईचं बीज घ्यायचं, संभाजीनगरला किंवा पुण्याला जाऊन. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. तो तयार होता. मी नाही म्हटलं आणि कारणं ओळीने सांगितली: रजा शिल्लक नाही, अंतर फार, खर्च झेपणार नाही, वय झालं. सगळी कारणं बरोबर होती. खरं कारण मी सांगितलं नाही. त्याच्याबरोबर पुन्हा एखाद्या खोलीत बसून मला वाट बघायची नव्हती.

घरी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सासूबाईंना एवढंच कळलं होतं की आम्ही परभणीला वरचेवर जातो. त्या पावसाळ्यात त्यांची बहीण राहायला आली आणि एका दुपारी, मी शेंगा निवडत असताना, विषय निघाला. आता काय राहिलं, असं मावशी म्हणाल्या. सासूबाई म्हणाल्या, मी दोनदा पोरगी आणली व्हती, ह्यानं ऐकलं न्हाई. आज नातवंडं अंगणात खेळली आसती. त्या माझ्याकडे बघून बोलत नव्हत्या, पण मला ऐकू यावं एवढ्या आवाजात बोलत होत्या.

नवरा दारात उभा होता. नुकताच बाहेरून आलेला, चिखलाच्या चपला पायातच.

"खोट माझ्यात व्हती, माय," तो म्हणाला. "मला ठाऊक व्हतं. म्हून दुसरी केली न्हाई. हिला उगं नाचवलं मी दवाखान्यांत."

मावशींनी पदर तोंडाला लावला. मी शेंगा निवडायच्या थांबले नाही. मला वाटलं होतं की हे कधीतरी असं बोललं गेलं तर मला हलकं वाटेल. मी वाट बघत होते तसं वाटण्याची. सासूबाई थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मान फिरवली आणि माझ्याकडे बघितलं.

"एवढं शिकलीस बाई तू," त्या म्हणाल्या. "आन् हेच सुचलं? त्याच्या तोंडून वदवून घेतलंस पावण्यांदेखत?"

"तिनं न्हाई वदवलं," नवरा म्हणाला.

त्यांनी ते ऐकलं नाही. उठल्या, लोटा भरला, त्याच्या पायावर पाणी घालायला दारात गेल्या, जणू तो लांबून दमून आला होता. तो तिथेच उभा राहिला आणि त्याने पाणी घालू दिलं. मावशींनी विषय बदलला.

काही दिवसांनी शेजारच्या बाईंनी मला सांगितलं की सासूबाई गल्लीत बोलत होत्या. पोरानं लय केलं हो बायकोसाठी, पार परभणीपर्यंत नेलं, पण सुनंचंच वय सरलं. डॉक्टरणीनंच सांगितलं तसं. शेजारीण चांगली बाई आहे. तिला वाटलं मी चिडून काहीतरी उत्तर देईन, ते ऐकायला ती थोडी थांबलीही. मी म्हटलं, बरोबर आहे त्यांचं. वय सरलं. डॉक्टरबाईंनी तसंच लिहून दिलंय. आणि ते खरं होतं, त्यात काही खोटं नव्हतं, म्हणून मला त्यावर आजपर्यंत काही बोलता आलेलं नाही.